मुखेडची एकशे त्रेचाळीस गिऱ्हाइकं

१

मुखेडच्या दुकानातली एकशे त्रेचाळीस गिऱ्हाइकं हरवली होती, आणि ती हरवल्याचा शोध खुद्द सिंधुनंच लावला होता. पुढं जे काही झालं ते पाहता तिनं तो शोध लावलाच नसता तर बरं झालं असतं. पण त्या सोमवारी सकाळी तिला आपला अभिमानच वाटत होता.

लातूरच्या सहकारी ग्राहक भांडाराची पाच दुकानं होती. दर दुकानाचा एक लाकडी ट्रे, आणि ट्रेमध्ये दर कुटुंबाचं एक कार्ड. वर कुटुंबप्रमुखाचं नाव, खाली तारखेनिशी काय नेलं त्याची नोंद: साखर, पामतेल, चहा, साबण. कार्डं दुकानातच असायची. महिन्याच्या शेवटी ती एसटीच्या पार्सलनं लातूरला यायची, सिंधु त्यांवरून तक्ते काढायची आणि परत पाठवायची. कोण काय नेतं, कधी नेतं आणि यायचं का थांबतं हे कळलं, तर माल अंदाजानं मागवावा लागत नाही, हे ती वर्षभर पाच व्यवस्थापकांना पटवत होती. ती संख्याशास्त्राची एम.एस्सी., वय सव्वीस. ते पाचही जण तिच्या जन्माआधीपासून तराजू धरून बसलेले. ते तिला खुर्ची द्यायचे, चहा पाजायचे, मान डोलवायचे आणि ती एसटीत बसली की आपलंच करायचे.

किल्लारीचे सिद्धराम एकदा म्हणाले होते, "ताई, पाऊस कवा पडंल ते सांगतं का हो तुमचं कार्ड? मग रोज पूजा करतो त्याची."

मुखेडचे बसलिंगप्पा तर हसायचेही नाहीत. कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंग, डोक्यावर पांढरी टोपी, आणि एकतीस वर्षांची नोकरी. ते म्हणायचे, "गिऱ्हाईक कागदावर बसत न्हाई, ताई. ते दुकानाच्या पायरीवर बसतं. मी तोंडं वळखतो. तेवढं बास हाय."

सुरुवातीला दुकानातले लोक कार्डं वाटेल तशी भरायचे. दुपारी निवांत बसून मनानंच साखर नि तेल लिहून टाकायचे. म्हणून सिंधुनं पाच नियम केले, छापून घेतले आणि प्रत्येक दुकानाच्या भिंतीवर लावले. त्यातल्या तिसऱ्या नियमाचा तिला विशेष जिव्हाळा होता: 'कुटुंबप्रमुखाचे नाव ग्राहकाने स्वतः सांगितल्याशिवाय नोंद करू नये.' त्या एका नियमानं खोटी भरती बंद झाली, असं ती सगळ्यांना सांगत असे.

तर त्या सोमवारी, दिवाळीपासूनचे महिने पहिल्यांदाच एकत्र लावल्यावर, मुखेडच्या तीनशे दहा कार्डांपैकी एकशे त्रेचाळीस कार्डांवर दिवाळीनंतर एकही नोंद नाही, हे तिच्या ध्यानात आलं. साखर मात्र तेवढीच खपत होती, पामतेलाचे डबेही तेवढेच रिकामे होत होते. तिनं तसा तक्ता काढला आणि चिटणीस अण्णारावांच्या टेबलावर ठेवला.

अण्णारावांनी तक्ता दोनदा वाचला आणि चष्मा काढला.

"गिऱ्हाईक नाही आणि माल संपतो," ते म्हणाले. "म्हणजे माल मागच्या दारानं चाललाय; गल्ल्यात भांडाराचा भाव भरायचा आणि वरचा पैसा खिशात घालायचा. अशा दुष्काळात साखर कुणाला नको आहे? सिंधुताई, शाबास. तुमची कार्डं काय कामाची ते मला आज कळलं."

"साहेब, मी चोरी म्हटलेलं नाही. मी फक्त गिऱ्हाइकं..."

"तुम्ही नका म्हणू. आकडा म्हणतोय." त्यांनी घंटी वाजवून शिपायाला बोलावलं आणि तक्त्याच्या सहा प्रती काढायला सांगितल्या. "जिल्हा होऊन चार वर्षं झाली. लातुरात रोज एक नवी कचेरी उघडते, तिथल्या कारकुनांना दुकान हवंय आणि आपण नांदेड जिल्ह्यात मुखेडला फळ्या अडकवून बसलोय. शनिवारी अकराला सभा घेतो. बसलिंगप्पांना घरी पाठवू, दुकान बंद करू आणि त्या फळ्या नव्या कचेरीसमोर लावू."

 तो म्हातारा हट्टी होता, सिंधुची टिंगल करायचा, सगळं खरं. पण साखरचोर? एकतीस वर्षांनंतर हा शिक्का घेऊन तो मुखेडच्या रस्त्यानं चालणार होता, आणि शिक्क्याची शाई तिच्या तक्त्यातली असणार होती.

"मला मुखेडला जाऊन बघू द्या," ती म्हणाली.

"जा की. पण शनिवारी येताना पुरावा आणा. तोंडी काही नको."

२

त्या संध्याकाळी ती घरी पोचली तेव्हा गल्लीत टँकर आला होता आणि घागरींची रांग लागली होती. तिची आई सुमनबाई रांगेतून ओरडत होती, "केरबा! ए केरबा! मोठा हंडा आणा लवकर!" रांगेतल्या दोघीतिघी पदराआड हसल्या. त्या नेहमीच हसायच्या. सिंधुच्या वडिलांनी, केरबा गुरुजींनी, बौद्ध दीक्षा घेतली त्या वर्षीच बायकोला बजावलं होतं की मला नावानं हाक मारायची, आणि तीस वर्षं ती मारत होती. सिंधुला त्या हाकेची इतकी सवय होती, की तिनं हंडा उचलला आणि उद्याच्या गाडीचा विचार करत घरात गेली.

दुसऱ्या दिवशी मुखेडचा ट्रे पिशवीत घालून ती एसटीत बसली. खिडकीतून दिसणारी रानं उघडी पडली होती आणि रस्त्याच्या कडेला रोजगार हमीवर खडी फोडणाऱ्यांत बायकाच बायका होत्या. तिनं ते पाहिलं आणि विसरली. डोक्यात एकच होतं, चोर कोण.

बसलिंगप्पा दुकानाच्या आतल्या खोलीत पोत्यांमध्ये बसले होते. तक्त्याची प्रत त्यांना पोचली होती. त्यांनी ती चौघडी करून टोपीत ठेवली होती.

"अप्पा, ही एकशे त्रेचाळीस गिऱ्हाइकं कुठं गेली?"

"कुठं जातेत? सगळी येऊन राहिलेत."

"कार्डावर नोंद नाही त्यांची."

"मग कार्डाला इचारा," ते म्हणाले. आवाज मात्र रोजचा नव्हता. "ताई, मी इथं आत माल काढून देतो. भायेर कोन हाय, कोन न्हाई, मला आवाजावरून कळतं. सगळी घरं येतेत. पयले एकदम किलो न्यायची ती आता दर बाजाराला पाव पाव न्यायलीत, येवढंच. मी साखर इकली असंल तर या लिंगाची आण हाय मला."

"आण सभेत चालत नाही, अप्पा. काहीतरी लिहिलेलं हवं."

"लिवलेलं न्हाई माझ्याजवळ. तोंडंच हायेत," ते म्हणाले आणि पोत्याचं तोंड शिवू लागले.

गल्ल्यावर संगप्पा बसत होता. चाळिशीचा, केस चापून बसवलेला, शर्टाच्या खिशात दोन पेनं. आधीचा व्यंकटी मुखेडचाच होता. तो दिवाळीत निवृत्त होऊन देगलूरला लेकीकडं राहायला गेला, तेव्हा भांडारानं उदगीरहून संगप्पाला इथं बदलून आणलं होतं. दिवाळीत. म्हणजे गिऱ्हाइकं गायब झाली तेव्हाच. सिंधुनं मनातल्या मनात त्याच्या नावाखाली रेघ मारली.

"तुम्ही कार्डं का भरत नाही?" तिनं सरळच विचारलं.

संगप्पाला राग आला. "भरत न्हाई? रोज भरतो. अक्षर बघा माझं. नाव सांगंल त्याची नोंद, न सांगंल त्याची न्हाई. तिसरा नियम. तुमचाच हाय की, बाई." त्यानं भिंतीकडं बोट केलं. कागदाला त्यानं स्वतःच्या खर्चानं काच बसवून घेतली होती.

"आणि न सांगणाऱ्याचा माल?"

"सुट्ट्या विक्रीत. दिवसाची एकच बेरीज. तेबी नियमानंच."

"रोज किती जण नाव सांगत नाहीत?"

संगप्पानं हिशेब केला. "कवा वीस, कवा तीस. बाजाराच्या दिवशी लई. इचारलं की गप उभे ऱ्हातेत. मी तरी किती येळ इचारणार? मागं रांग असते."

 मुखेडसारख्या गावात, जिथं माणूस न विचारता आजोबापर्यंत नावं सांगतो, तिथं रोज वीस-तीस माणसं दुकानात येतात, माल नेतात आणि नाव विचारलं की गप्प उभी राहतात. नाव कोण लपवतं? ज्याला काही लपवायचं आहे तोच.

३

रस्त्यापलीकडं मलप्पाचं किराणा दुकान होतं. चोरून साखर घेणारा कुणी असेल तर तो हाच, असं लातुरात सगळे गृहीत धरून चालले होते. मलप्पा जाडजूड होता आणि दुकानासमोर खाट टाकून लोळत होता.

"या, या. आमच्या साखरेची झडती घ्या," तो उठत म्हणाला. बातमी त्याच्यापर्यंतही आली होती. "आत जावा. दोन पोती हायेत, शिवण बघा, नांदेडच्या अडत्याची हाय. तुमच्या भांडाराची साखर माझ्याकडं आली असती, तर मी असा माशा मारत बसलो असतो का?"

"धंदा नाही?"

"कुठला धंदा? गडीमानसं हायेत कुठं गावात? दिवाळी झाली की समदे हैदराबादला गेले, बिल्डिंगच्या कामावर. माझं दुकान चालतं गडीमानसांवर. बिडी, तंबाखू, चहा. बाया सगळ्या समोर जातेत, तुमच्याकडं. तिथं दोन आणे सस्तं मिळतं. बसल्या बसल्या मोजतो मी." त्यानं पुन्हा अंग टाकलं. "बसलिंगप्पाला चोर म्हनून राहिले म्हनं. मी त्याचा वैरी हाय, ताई, पन त्यो चोर न्हाई."

वैऱ्याची साक्ष ती. पण सभेत तिला कोण विचारणार होतं?

दुपारी दुकान बंद असताना सिंधुनं मागच्या पडवीत सतरंजी टाकून तीनशे दहाही कार्डं मांडली. एका बाजूला चालू कार्डं, एकशे सदुसष्ट. दुसऱ्या बाजूला बंद पडलेली. मग ती एकेक नाव वाचू लागली. चालू बाजूला तलाठी होता, तीन शिक्षक, एसटीचे ड्रायव्हर, म्हाताऱ्या माणसांची घरं. आणि कोंडाबाई, शिवम्मा, नीलाबाई अशी बायकांची नावं तर ओळीनं. जिथं बाईच कुटुंबप्रमुख होती, त्या कार्डांवर एकही खंड नव्हता. पाव किलो साखर, छटाक चहा, दर आठवड्याला.

"अप्पा, या कोंडाबाई कोण?"

"रांडाव हाय बिचारी. नवरा जाऊन सा वर्सं झाली. खडीवर जाते."

"आणि शिवम्मा? नीलाबाई?"

"त्याबी तशाच. ही सगळी इधवा बायांची कार्डं हायेत," बसलिंगप्पा वाकून बघत म्हणाले. बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच ते कार्ड बघत होते.

सिंधु बंद कार्डांकडं वळली. भीमा. मारुती. हणमंत. सगळी कमावत्या पुरुषांची नावं. एकही बाई नाही. तिनं पुन्हा एकदा बघितलं. एकशे त्रेचाळिसांत एकही नाही.

विधवा येतात, त्यांची नोंद होते. ज्यांचे नवरे हैदराबादला गेलेत त्या बायकाही येतात, असं मलप्पा सांगतो. मग त्यांचीच तेवढी नोंद का होत नाही? विधवेचा पैसा वेगळा असतो की तिची साखर? उत्तर अगदी समोर होतं. तिला ते दिसत नव्हतं, कारण ते तिच्या घरात कधी घडलंच नव्हतं.

४

दुसऱ्या दिवशी बाजार होता. सिंधु सकाळपासून संगप्पाच्या मागं स्टुलावर बसून राहिली. पहिली आली ती साठीतली एक काटक बाई.

"नाव?"

"कोंडाबाई. काढ की रं कार्ड, रोज इचारतोस."

संगप्पानं कार्ड काढलं, सुबक अक्षरात नोंद केली. तिच्या मागं तिशीतली बाई होती, खडी फोडून सोललेल्या बोटांना चिंध्या बांधलेल्या.

"नाव?"

"नागुबाई."

"तुझं न्हाई. कार्ड कुनाच्या नावावर हाय?"

नागुबाईनं पदर तोंडावर घेतला. खाली बघितलं. "म्हाद्याच्या बापाच्या," ती हळूच म्हणाली.

"म्हाद्याचा बाप अशा नावाचं कार्ड न्हाई माझ्याकडं. नाव सांग."

ती गप्प उभी राहिली. मागून कुणीतरी हसलं. संगप्पानं सुस्कारा सोडला, पाव किलो साखर पुढं सरकवली आणि वहीत लिहिलं: सुट्टी विक्री.

सिंधुच्या कानात आईची हाक घुमली. केरबा! ए केरबा! आणि पदराआड हसणाऱ्या त्या दोघीतिघी. त्या तीस वर्षं का हसत होत्या, ते तिला आता नीट कळलं.

नवऱ्याचं नाव बायको घेत नाही हे तिला ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे? लग्नाकार्यात उखाणे तिनंही ऐकले होते. पण कार्डाचा नमुना आखताना तिनं लातूरच्या दुकानात उभं राहून आखला होता, तिथं पुरुष यायचे नाहीतर शाळेत जाणारी पोरं. दिवाळीपर्यंत मुखेडलाही पुरुषच यायचे. दुष्काळानं पुरुष उचलून नेले. त्याच दिवाळीत व्यंकटी गेला, जो गावातल्या प्रत्येक बाईला ओळखायचा आणि न विचारताच भीमाचं कार्ड काढायचा. त्याच्या जागी नियमाचा पक्का, गावाला परका संगप्पा आला. आणि नियम तिचा होता. ग्राहकाने स्वतः सांगितल्याशिवाय.

साखर कुणी चोरली नव्हती. एकशे त्रेचाळीस घरं तिनंच हरवली होती.

ती उठली, रस्त्यावर धावली आणि कोंडाबाईला हाताला धरून परत घेऊन आली. "मावशी, आज इथं बसा. तुमची आजची मजुरी मी देते. कुणी बाई गप्प राहिली की तिच्या मालकाचं नाव तुम्ही सांगायचं."

"त्यात काय हाय," कोंडाबाई स्टुलावर ऐसपैस बसत म्हणाली. "दुसरीच्या नवऱ्याचं नाव घ्यायला माझं काय जातंय? ही नागी, भीमाची. ती मागची हणमंताची. ती लाजरी, मारुतीची. लिव रं बाबा, बघतोस काय?"

बायका हसू लागल्या. संगप्पा आधी नियमाकडं बघत राहिला, मग सिंधुनं डोळे वटारले तेव्हा लिहू लागला. संध्याकाळपर्यंत एकसष्ट बंद कार्डं उघडली. बसलिंगप्पा पोती सोडून बाहेर आले होते आणि दाराला टेकून बघत होते.

"कागदावर बसलं की हो गिऱ्हाईक," ते म्हणाले. वर्षभरात पहिल्यांदा ते तिच्याकडं बघून हसले.

सिंधुला इतकं हलकं वाटलं की रडू येईल की काय असं झालं. अण्णारावांनी पुरावा मागितला होता. तिनं नागुबाईला विचारलं, "शनिवारी लातूरला येशील? सभेत एवढंच सांगायचं, की मी दर आठवड्याला इथूनच साखर नेते."

नागुबाईला विचार पडला. एक दिवसाचा खाडा होता, तीन लेकरं शेजारणीकडं ठेवावी लागणार होती. तिनं दाराशी उभ्या असलेल्या बसलिंगप्पांकडं पाहिलं.

"अप्पासाठी येते," ती म्हणाली.

५

सभेला सातजण होते. अण्णाराव, उपाध्यक्ष आणि पाच व्यवस्थापक, त्यात एक आरोपी. प्रत्येकाच्या पुढं सिंधुच्या तक्त्याची प्रत होती. वर्षभर ज्यांनी तिच्या कागदावर भजी खाल्ली, त्यांनी या कागदावर लाल पेन्सिलीनं खुणा केल्या होत्या.

सिंधुनं सगळं सांगितलं. विधवांची कार्डं, हैदराबादला गेलेले पुरुष, तिसरा नियम. चूक माझी आहे, असं तिनं दोनदा म्हटलं. मग एकसष्ट कार्डं टेबलावर ठेवली.

किल्लारीच्या सिद्धरामांनी ती उलटसुलट करून पाहिली. "ताई, ही सगळी एकाच दिवशी भरलीत. एकाच पेनानं. तक्ता मुखेडला पोचल्यावर."

"हो, कारण त्याच दिवशी..."

"मनानं भरलेली कार्डं कशी वळखायची, ते तुमीच शिकवलंत आमाला. एक तारीख, एक शाई, एक हात. असलं काई आलं की मानू नका, म्हनलात."

तसं ती म्हणाली होती. फळ्यावर लिहूनही दाखवलं होतं.

"सिद्धराम काका, तुम्ही तर कार्डांवर विश्वासच ठेवत नव्हता!"

"नव्हतो. आता ठिवतो," सिद्धराम प्रामाणिकपणे म्हणाले. "तुमी म्हनत होता, मानसाच्या तोंडाकडं बघू नका, आकड्याकडं बघा. आता बघून राहिलो तर तुमीच नको म्हनता."

सिंधुनं दाराबाहेर बसलेल्या नागुबाईला आत बोलावलं. नागुबाई भिंतीला चिकटून उभी राहिली. इतक्या पुरुषांपुढं ती कधी बोलली नव्हती, पण बोलली. दर बाजाराला पाव किलो साखर, तेल बाटलीत, चहाची पुडी. तीन लेकरं. मुखेडचं दुकान, अप्पांच्या हातचं माप. सगळं ती न चुकता बोलली आणि सिंधुचा जीव भांड्यात पडला.

अण्णारावांनी इतिवृत्ताची वही पुढं ओढली. "ठीक आहे. साक्ष लिहून घेऊ. पूर्ण नाव सांगा."

"नागुबाई."

"पुढं?"

नागुबाईचा हात पदराकडं गेला.

 त्या सातही जणांच्या घरी अशीच एक बाई होती, जी त्यांना 'अहो' म्हणायची, नाहीतर पोराचा बाप म्हणायची. सातही जणांना ती का गप्प आहे ते ठाऊक होतं. सिद्धराम खिडकीबाहेर बघू लागले.

"भीमा," सिंधु म्हणाली. "भीमा नाव आहे त्यांचं. मी सांगते ना!"

"तुम्ही नाही. बाईंनी सांगायचं."

"साहेब, ती का सांगत नाही ते तुम्हाला माहीत आहे. हाच तर पुरावा आहे!"

"मला माहीत आहे," अण्णाराव म्हणाले, आणि त्यांचा आवाज खरोखरच मऊ झाला. "पण माहीत असणं वेगळं आणि इतिवृत्तात येणं वेगळं. नाव नसलेली साक्ष मी कशी लिहू? तुमचा तिसरा नियम काय आहे, सिंधुताई?"

सिंधु टेबल सोडून नागुबाईकडं वळली. 

"नागुबाई," ती तिच्याजवळ जाऊन म्हणाली, "एकदाच घे. हळू घे. अप्पांची नोकरी जाईल गं."

नागुबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. "बाई, दोन महिने झाले, त्यांचं पत्र न्हाई. चवथ्या मजल्यावर काम हाय म्हनून गेलेत. नाव घेतलं की मानसाचं आयुष्य कमी व्हतं. बाकी काय बी इचारा, समदं सांगते. तेवढं नका इचारू." तरी तिनं बसलिंगप्पांकडं बघितलं. हात जोडले. मग डोळे मिटले आणि ओठ उघडले. पहिलं अक्षर ओठांवर आलेलं सगळ्यांना दिसलं.

"ऱ्हाऊ दे गं," बसलिंगप्पा म्हणाले. ते उठून उभे राहिले होते. "नगं घेऊ. लेकरांचा बाप हाय तिकडं. माझं काय, वरीसभरानं घरीच बसायचं हाय मला."

त्यांनी कमरेची किल्ली सोडली आणि टेबलावर, तिच्या तक्त्यावर ठेवली. अण्णारावांनी लिहिलं: साक्षीदाराने नाव सांगितले नाही. दुकान सर्वानुमते बंद. मग पुढचा विषय निघाला, आणि तो होता सिंधुची कार्डपद्धत सगळ्या दुकानांत सक्तीची करण्याचा. तोही सर्वानुमते मंजूर झाला. तिच्यासाठी टाळ्या वाजल्या.

ती तिघं खाली आली तेव्हा ऊन चढलं होतं. खाली भांडाराचं लातूरचं दुकान होतं, नव्या कचेरीतल्या लोकांनी गजबजलेलं. बसलिंगप्पा रांगेत उभे राहिले. त्यांनी नागुबाईच्या लेकरांसाठी अर्धा किलो साखर मागितली.

"नाव?" गल्ल्यावरच्या कारकुनानं विचारलं.

"लिवा," बसलिंगप्पा म्हणाले. ते इतक्या मोठ्यानं म्हणाले की रांगेतले लोक वळून बघू लागले. "भीमा. मुखेड. कार्ड हाय त्याचं."

"मुखेडचं कार्ड इथं कुठलं असणार, काका?" कारकून म्हणाला, आणि त्यानं ती साखर सुट्ट्या विक्रीत लिहिली.